घरात तीन भाषा आणि बोलायला उशीर

वऱ्हाडातल्या बऱ्याच घरांत लेकराच्या कानावर जन्मापासूनच एकापेक्षा जास्त भाषा पडतात. अकोल्यात आजी वऱ्हाडी बोलते, शेजारी उर्दू किंवा सिंधी, आणि नर्सरीत इंग्रजी सुरू होते. अमरावती जिल्ह्यात धारणी-चिखलदऱ्याकडच्या कोरकू पाड्यांवर घरात कोरकू, बाजारात हिंदी आणि शाळेत मराठी. कोरकू मुंडा कुळातली, मराठी-हिंदीहून अगदी वेगळ्या घराण्यातली भाषा. अशा घरातलं लेकरू दोन वर्षांचं होऊनही बोलेना, की दोष भाषांच्या गर्दीवर येतो आणि 'घरात एकच भाषा बोला' असा सल्ला मिळतो.

या सल्ल्याला आधार नाही. अनेक भाषा ऐकणारी मुलंही पहिला शब्द वर्षाच्या आगेमागेच उच्चारतात आणि दोन वर्षांच्या सुमारास दोन शब्द जोडू लागतात. गफलत होते ती मोजणीत. आजीजवळ पाण्याला 'डा' आणि अंगणवाडीत 'पाणी' म्हणणाऱ्या कोरकू मुलाकडे दोन शब्द असतात. फक्त मराठी शब्द मोजले तर त्याची शब्दसंपत्ती उगाच तोकडी दिसते. म्हणून सगळ्या भाषांतले शब्द एकत्र मोजावे लागतात. 'मले बॉल दे' अशी सरमिसळही गोंधळाची खूण नाही. त्या वाक्याची घडण अस्सल वऱ्हाडी आहे, उसना फक्त एक शब्द.

पहिलीत आलेलं कोरकू मूल काही आठवडे, कधी काही महिने, वर्गात गप्प बसतं. ते नवी भाषा ऐकून घेत असतं. घरी ते भावंडांशी भांडतं का, गोष्टी सांगतं का, हे आईला न विचारताच त्याला 'मंद' ठरवणं हा त्याच्यावर मोठा अन्याय आहे.

खरा उशीर मात्र मूल ऐकतं त्या सगळ्या भाषांत दिसतो. दहा महिन्यांपर्यंत 'बाबाबा', 'दादादा' असे आवाज नसणं, वर्षाचं होऊनही बोट दाखवून काही न मागणं, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नसणं, दोन वर्षांनंतरही शब्द न जोडणं, आणि कोणत्याही वयात येत असलेले शब्द गळून जाणं, या खुणा दिसल्या की थांबू नये. 'याचा बाप पण उशिराच बोलला' म्हणत वेखंड चाटवत बसण्यात मोलाचे महिने जातात. सर्वांत आधी कान तपासावेत. टाळीच्या आवाजाला मूल वळलं म्हणजे सगळं ऐकू येतं असं नसतं. त्यासाठी ओएई आणि बेरा या तपासण्या आहेत, आणि त्या तान्ह्या बाळाच्याही होतात. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी होते. पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा यायचं असतं, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्राची तरतूद आहे.

दोष सापडला तरी घरची भाषा सोडायची गरज नसते. ऑटिझम किंवा डाउन सिंड्रोम असलेली मुलंही दोन भाषा शिकतात, असं संशोधन सांगतं. उलट आईने मोडक्या इंग्रजीचा आग्रह धरला, तर 'कम', 'सिट', 'ईट' एवढंच बोलणं उरतं आणि अंघोळ घालतानाच्या, भाकरी थापतानाच्या लांबलचक गप्पा बंद पडतात. मूल बोलायला शिकतं ते त्या गप्पांतून. वाचा-उपचारतज्ज्ञाला कोरकू येत नसेल, तर तो आईला पद्धत शिकवतो: मुलाने बोट दाखवलं की वस्तूचं नाव घ्यायचं, त्याच्या एका शब्दाला दुसरा जोडून म्हणायचा, आणि उत्तरासाठी थोडं थांबायचं. हे सारं तिने तिच्याच भाषेत करायचं असतं.