आधी वारा, मग कार्ड!

मिक्सर घ्यायचा असला, की आपण दुकानदाराला भंडावून सोडतो. मोटर किती वॅटची, भांडी किती, वॉरंटी किती वर्षांची, बिघडला तर लोणंदात दुरुस्त होईल की साताऱ्याला पाठवावा लागेल... फ्रिज घेताना दारावरचे स्टार मोजतो. साडीचा तर धागा न् धागा तपासतो. पण मुलानं कॉम्प्युटरचं काही मागितलं, की आपल्या तोंडाला कुलूप! "त्यातलं मला मेलीला काय कळतंय?" म्हणायचं आणि साठवलेले पैसे काढून त्याच्या हातावर ठेवायचे. नाहीतर "गेमबिम काही नको, अभ्यास कर," म्हणून विषय संपवायचा. मधलं काही नाहीच!

मैत्रिणींनो, हे मधलं काहीतरी आता आपण शिकून घ्यायला हवं. कारण हा खर्च शे-दोनशेचा राहिलेला नाही. गेम खेळायच्या कॉम्प्युटरचा एकेक भाग दहा-वीस-तीस हजारांच्या घरात जातो आणि पुष्कळदा ते पैसे आईच्याच नावावर उचललेले असतात.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत असाच अर्ज आला. एका वहिनींना तीस हजार हवे होते. कारण विचारलं, तर जरा लाजतच म्हणाल्या, "पोराला ग्राफिक्स कार्ड पायजे. गेम अडकतोय म्हणतो. मधूनच कॉम्प्युटर आपोआप बंद पडतोय." झालं! बैठकीत दोन तट पडले. काहीजणी म्हणाल्या, "गेमसाठी कर्ज? उद्या पत्त्यांसाठी मागाल!" काहीजणी म्हणाल्या, "पोरगं घरात तरी बसतंय, गावभर उंडारत तर नाही." मी बी.ए. मराठीची. पण आमच्याही घरात कॉम्प्युटरवर खेळणारी मुलं आहेत. त्यांच्या शेजारी बसून, प्रश्न विचारून विचारून थोडंफार कळायला लागलंय. मी म्हटलं, "कर्ज द्यायचं की नाही ते पुढच्या बैठकीत ठरवू. आधी तो कॉम्प्युटर तर बघू!"

गेले त्यांच्या घरी. वर पत्रा, दुपारचे तीन वाजलेले. एप्रिल-मेमध्ये आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, हे इकडच्यांना सांगायला नको. कॉम्प्युटरचा डबा टेबलाच्या खालच्या कप्प्यात गच्च बसवलेला. मागे भिंत, दोन्ही बाजूंना प्लायवुड, वरून धूळ नको म्हणून वहिनींनी हौसेनं विणलेला रुमाल! मुलगा म्हणाला, "काकू, हात लावून बघा, लई तापतंय." खरंच, इस्त्रीजवळ हात न्यावा तशी धग येत होती.

मी त्याला तापमान दाखव म्हटलं. कॉम्प्युटरच्या प्रत्येक मुख्य भागात तापमान मोजायची सोय असते आणि ते आकडे पडद्यावर दाखवणारी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. गेम सुरू केल्यावर दहा मिनिटांत प्रोसेसर 95 अंशांच्या पुढे गेला. इथंच सगळी गोम होती. प्रोसेसरला एक मर्यादा ठरवून दिलेली असते. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची ती 100 अंश असते, एएमडीच्या बऱ्याच प्रोसेसरांची 90 ते 95. त्या मर्यादेला पोचला, की तो जळू नये म्हणून स्वतःच आपला वेग कमी करतो. भर उन्हात खुरपणारी बाई जशी चक्कर यायच्या आधी सावलीला बसते, तसंच. वेग कमी झाला, की गेम अडकतो. तरीही ताप उतरला नाही, तर कॉम्प्युटर सरळ बंद पडतो. अशा वेळी नवं कार्ड आणून काय होणार? त्याच कोंडलेल्या डब्यात आणखी एक चूल पेटणार!

वहिनींना मी एवढंच विचारलं, "तुमची कांद्याची चाळ कशी बांधलीय?" लोणंद म्हणजे कांद्याचं गाव. चाळीचं शास्त्र इथल्या बाईला शिकवावं लागत नाही. त्या भडाभडा सांगायला लागल्या. चाळ जमिनीपासून उचललेली हवी, खालून वारा शिरायला हवा, बाजूच्या पट्ट्यांमध्ये फटी हव्यात, आतली गरम दमट हवा वरून निघून गेली पाहिजे, पत्रा तापू नये म्हणून वर पाचट टाकायचं. मी म्हटलं, "मग हा डबा म्हणजे छोटी चाळच की! ह्याला वारा कुठून लागतोय?" वहिनी हसायला लागल्या आणि पहिल्यांदा तो रुमाल काढला.

डब्याचा हिशेब अगदी चाळीसारखाच आहे. पुढून किंवा खालून गार हवा आत यायला हवी. मागून आणि वरून गरम हवा बाहेर पडायला हवी. साधारणपणे पुढे एक-दोन पंखे हवा आत ओढणारे आणि मागे एक बाहेर फेकणारा एवढे घरच्या कॉम्प्युटरला पुरतात. पंखा कुठल्या दिशेला वारा टाकतो तेही बघावं लागतं. ज्या बाजूला मोटर धरणारा प्लॅस्टिकचा आडवा सांगाडा दिसतो, वारा बहुतेक त्या बाजूनं बाहेर येतो. सगळेच पंखे आत फुंकणारे किंवा सगळेच बाहेर फेकणारे लावले, तर पैसे गेले आणि ताप राहिला. डबा भिंतीपासून वीतभर तरी लांब असावा. जमिनीवर ठेवायचा तर खाली पाट ठेवावा, म्हणजे केरसुणीची धूळ थेट आत जात नाही.

आणखी एक गोष्ट. कितीही भारी पंखा लावा, तो प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा गार करू शकत नाही. खोली 25 अंशांवर असताना प्रोसेसर 70 वर चालत असेल, तर खोली 40 झाल्यावर तोच साधारण 85 वर जाणार. म्हणून दुकानातल्या एसीमध्ये छान चाललेला कॉम्प्युटर आपल्या पत्र्याखाली रडतो. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलर लावून खोली गार केली तर फायदा होतो. पण कूलरचा ओला झोत थेट डब्यावर मात्र सोडू नये. आणि जमलं तर भर दुपारी न खेळता सकाळी नाहीतर रात्री खेळावं. ह्याला एक पैसा पडत नाही!

मग साफसफाई. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, डबा अंगणात आणला आणि बाजूचं झाकण उघडलं. बाई गं! कांद्याची पत्ती, गाड्यांची धूळ, कोळिष्टकं... प्रोसेसरवरच्या पंख्याखालच्या बारीक धातूच्या पट्ट्यांत धुळीची गोधडीच झालेली. ब्लोअरनं ती उडवली. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेवायची, नाहीतर तो गरागरा फिरून खराब होतो. ओलं फडकं तर आत अजिबात न्यायचं नाही. प्रोसेसर आणि त्याच्या वरचा धातूचा ठोकळा यांच्यामध्ये एक लेप असतो, त्याला थर्मल पेस्ट म्हणतात. काही वर्षांनी ती सुकते. गावातल्याच दुरुस्ती करणाऱ्या मुलाकडून जुनी पुसून नवी लावून घेतली. वाटाण्याएवढा ठिपका पुरतो. पोळीला तूप लावल्यासारखी थापायची नसते! पुढे एक नवा पंखा बसवला. संध्याकाळी तोच गेम लावला, तर आकडा ऐंशीच्या आसपास थांबला. बंद पडणं तर थांबलंच.

मुलाचा पुढचा प्रश्न होता, "काकू, पाण्याचं कूलिंग लावलं तर?" पाण्यानं गार करणं ही काही थाप नाही. पुण्याच्या आयसर संस्थेत 2019 पासून असलेला ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक द्रवानंच गार ठेवला जातो. पण तिथं शेकडो प्रोसेसर एकत्र तापतात. आपल्या घरी एकच. घरगुती पाण्याच्या कूलरमध्येही शेवटी पंखाच लागतो आणि ती गरम हवा त्याच खोलीत सुटते. वर पंप बिघडायची आणखी एक काळजी. मधल्या दर्जाच्या प्रोसेसरला उंच ठोकळ्याचा, मोठ्या पंख्याचा साधा हवेचा कूलर उत्तम चालतो. फक्त तो डब्याच्या रुंदीत मावतोय ना, हे आधी मोजून घ्यायचं.

ताप उतरल्यावर खरा प्रश्न येतो, की कॉम्प्युटरमध्ये कमी काय पडतंय? हेही अंदाजानं ठरवायचं नसतं. गेम चालू असताना कुठला भाग किती टक्के राबतोय, ते पडद्यावर दिसतं. ग्राफिक्स कार्ड शंभराजवळ आणि प्रोसेसर निवांत असेल, तर कार्ड कमी पडतंय. प्रोसेसर घामाघूम आणि कार्ड रिकामं बसलं असेल, तर नवं कार्ड आणून उपयोग नाही. रॅम काठोकाठ भरली असेल, तर आधी रॅम. आमच्या या मुलाची 8 जीबी रॅम पूर्ण भरत होती आणि एकच पट्टी लावलेली होती. तशीच दुसरी पट्टी लावली, की दोन्ही मिळून वेगानं काम करतात. जुनी हार्ड डिस्क असेल तर एसएसडी लावल्यानं कॉम्प्युटर आणि गेम पटकन सुरू होतात, मात्र खेळतानाचा वेग तिच्यानं फारसा वाढत नाही. रॅम आणि एसएसडीच्या किमती 2025 च्या अखेरीस जगभर भडकल्या. एआयच्या मोठमोठ्या केंद्रांनी मेमरीचे साठे उचलले, त्याची झळ आपल्या घरापर्यंत आली. म्हणून तीन दुकानांत भाव विचारल्याशिवाय घेऊ नये. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची दुकानं यांच्याशी फोनवर बोललं तरी फरक कळतो.

कार्ड घ्यायचंच असेल, तर तीन गोष्टी बघायच्या. एक, ते वीज किती खातं. एनव्हिडियाचं जीटीएक्स 1650 हे 75 वॅटचं, आरटीएक्स 3060 हे 170 वॅटचं, तर त्याच्यानंतरचं आरटीएक्स 4060 हे 115 वॅटचं. म्हणजे नवं ते जास्त खादाड असं काही नाही. दोन, डब्यातला वीजपुरवठा, म्हणजे एसएमपीएस, ते पेलेल का? इथं स्वस्तातला, बिननावाचा अजिबात घेऊ नये. ‘80 प्लस’ची खूण असलेला, चांगल्या कंपनीचा 550 वॅटचा अशा मधल्या कार्डांना पुरतो. तीन, आपला मॉनिटर कुठला? तो सेकंदाला 60 चित्रंच दाखवत असेल, तर 120 चित्रं काढणाऱ्या कार्डाचे जादा पैसे बरेचसे वायाच! उलट गेममध्ये 60 ची मर्यादा लावून ठेवली, तर कार्ड कमी राबतं, कमी तापतं, वीजही वाचते.

आणि घराचं अर्थिंग तपासल्याशिवाय ह्यातलं काहीही आणू नका. तीन पिनांचा प्लग असून तिसऱ्या तारेला आधारच नाही, अशी कितीतरी घरं मी पाहिलीत. डब्याला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर आधी वायरमनला बोलवा. साधा 600 व्हीएचा यूपीएस बहुधा 360 वॅटच्या आसपास पेलतो, तोही हिशेबात धरा. बिलाचंही गणित सोपं आहे. खेळताना 400 वॅट लागत असतील आणि रोज तीन तास खेळलं, तर महिन्याला 36 युनिट. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढे दर चढतो, हे आपल्याला मुलांपेक्षा चांगलं ठाऊक आहे! यंत्र फारच जुनं असेल, तर आणखी एक बघा. विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि जुने पुष्कळ प्रोसेसर विंडोज 11 ला चालत नाहीत. अशा यंत्रात पैसे ओतत बसायचं का, ते आधीच ठरवावं.

पुढच्या बैठकीत वहिनींनी स्वतः उठून हिशेब मांडला. तीस हजारांऐवजी रॅम, पंखा आणि अर्थिंग यांच्यापुरतेच पैसे मागितले. मूळ रकमेचा पाचवा हिस्सासुद्धा झाला नाही. कार्डाचं दिवाळीनंतर बघायचं ठरलं, तेही मुलानं सुट्टीत काम करून निम्मे पैसे जमवले तर. एकीनं विचारलं, "पण गेममध्ये पैसे लावत असेल तर?" हा प्रश्न रास्तच आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025 च्या कायद्यानं बंदी आली आणि ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता मिळाली. तेव्हा मूल कुठला गेम खेळतं, त्यात कुणाचं कार्ड जोडलंय, हे विचारायचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. वहिनींनी तर आणखी एक अट घातली. कर्ज आईच्या नावावर, मग कॉम्प्युटरवर धाकट्या बहिणीचाही रोज एक तास! ती पठ्ठी आता भावाला हरवते म्हणे.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी मूल कार्ड मागायला आलं, की त्याला झिडकारू नका आणि लगेच पाकीटही उघडू नका. विचारा: खेळताना तापमान किती जातं? डबा शेवटचा कधी साफ केला? कमी नेमकं काय पडतंय, पडद्यावर दाखव. मॉनिटर कितीचा? एसएमपीएस किती वॅटचा? अर्थिंग आहे का? सगळ्याची उत्तरं एका कागदावर लिहून घ्या आणि मगच दुकानात जा. साफसफाई होळीच्या सुमारास एकदा आणि दिवाळीत एकदा, माळ्याबरोबर डब्याचीही करून घ्या. मुलगा खरंच तयारीनं आला असेल, तर उत्तरं देताना त्याला आनंदच होईल. आणि उत्तरं नसतील, तर ती शोधेपर्यंत आपले पैसे गटाच्या खात्यात सुखरूप राहतील!