अर्थमितीची ओळख – लेखांक ७ : घर तेच, वर्षं वेगळी

एकाच वेळच्या पाहणीवरून निष्कर्ष काढताना पाय कुठे घसरतो, ते गेल्या आठवड्यात पाहिलं. जो खत जास्त घालतो त्याला पीक जास्त येतं, असं आकडे दाखवतात. पण ज्याचं रान भारी, ज्याला शेतीची नस कळते, तोच बहुधा खतही हात सैल सोडून घालतो. मग पिकाचं श्रेय खताला द्यायचं की माणसाला? शेतीची जाण मोजणारा रकाना कुठल्याच प्रश्नावलीत नसतो.

यावर अर्थमितीने काढलेला उपाय म्हणजे त्याच घरांकडे पुन्हा पुन्हा, वर्षानुवर्षं जाणं. अशा माहितीला पॅनेल डेटा म्हणतात. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने १९७५ साली असंच काम हाती घेतलं. सुरुवातीच्या सहा गावांपैकी चार आपली : सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोल्यातली कंझरा आणि किनखेड. उरलेली दोन, ऑरेपल्ले आणि डोकूर, तेव्हाच्या महबूबनगर जिल्ह्यातली. प्रत्येक गावात ४० घरं निवडली : १० भूमिहीन आणि लहान, मध्यम, मोठ्या शेतकऱ्यांची प्रत्येकी १०. सर्वेक्षक गावातच मुक्कामाला असायचे आणि दर तीन-चार आठवड्यांनी त्याच घरी जाऊन पेरणी, मजुरी, उसनवारी, खर्च असं सगळं टिपून घ्यायचे. हे काही गावांत सुमारे दहा वर्षं अखंड चाललं. कोरडवाहू शेती समजून घेण्यासाठी याहून मोलाची ठेव आपल्याकडे क्वचितच असेल, असं मला मनापासून वाटतं.

आता हा उपाय चालतो कसा, ते कागद-पेन्सिल घेऊन पाहू. पुढचे आकडे समजण्यासाठी बनवलेले आहेत. हलक्या रानाच्या एका शेतकऱ्याने तीन वर्षांत एकरी १, २ आणि ३ पोती खत घातलं. त्याला ४, साडेचार आणि ५ क्विंटल पीक आलं. भारी रानाच्या दुसऱ्याने ३, ४ आणि ५ पोती घातली. त्याला ८, साडेआठ आणि ९ क्विंटल आलं. हे सहाही ठिपके एकत्र घेऊन रिग्रेशनची रेषा काढली, तर एका पोत्यामागे १.४ क्विंटल वाढ दिसते. पण दोघांनी ३-३ पोती घातली त्या वर्षांकडे बघा : एकाला ५, दुसऱ्याला ८. खत तेवढंच, फरक तीन क्विंटलचा. हा फरक रानाचा आणि हाताचा.

म्हणून प्रत्येकाच्या आकड्यांतून त्याची स्वतःची सरासरी वजा करा. पहिल्याची सरासरी २ पोती आणि साडेचार क्विंटल, दुसऱ्याची ४ पोती आणि साडेआठ क्विंटल. वजाबाकीनंतर दोघांचे आकडे हुबेहूब सारखे होतात : एक पोतं कमी तर अर्धा क्विंटल कमी, एक पोतं जास्त तर अर्धा क्विंटल जास्त. खताचा खरा परिणाम अर्धा क्विंटल, त्यावरचे ०.९ क्विंटल आपण फुकट खताच्या नावावर मांडले होते. ही स्थिर-प्रभाव पद्धत. यायर मुंडलाक यांनी १९६१ साली शेतीच्याच अभ्यासात, शेतकऱ्याच्या न मोजलेल्या कौशल्यामुळे येणारी चूक काढायला ती वापरली.

तशीच वजाबाकी वर्षाचीही करता येते. दुष्काळ साऱ्या गावावर एकदमच येतो, त्याचा परिणाम वेगळा काढता येतो. रॉबर्ट टाउनसेंड यांच्या १९९४ सालच्या गाजलेल्या निबंधाच्या मुळाशी हाच विचार आहे. ऑरेपल्ले, शिरापूर आणि कंझरा इथल्या नोंदींवरून त्यांनी विचारलं : गावाचं एकूण बरं-वाईट बाजूला ठेवलं, तर एकट्या घराचं उत्पन्न बुडाल्यावर त्याच्या खाण्यापिण्याला किती कात्री लागते? उत्तर आलं, फारशी नाही. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना मात्र आधार कमी. १९९७ साली मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी त्याच नोंदी पुन्हा तपासल्या. खर्च मोजण्याच्या रीतीवर आणि हिशेबाच्या पद्धतीवर बोट ठेवून त्यांनी दाखवलं, की घराच्या स्वतःच्या उत्पन्नाचा परिणाम टाउनसेंड म्हणतात त्याहून मोठा आहे.

या वादातून वजाबाकीची किंमतही कळते. सरासरी वजा झाली की घराघरांतला मोठा फरक जातो आणि एकाच घरातले वर्षावर्षांचे छोटे चढउतार उरतात. शेतकऱ्याने पोती आठवणीने सांगितली आणि एखाद्याची चूक झाली, तर त्या छोट्या चढउतारात ती चूकच मोठी दिसते आणि खताचा परिणाम शून्याकडे ओढला जातो. शिवाय जे बदलतच नाही ते हिशेबातून पार पुसलं जातं. जातीचा किंवा जमिनीच्या पोताचा परिणाम किती, हे ही पद्धत सांगूच शकत नाही.

आणि जे मध्येच बदलतं, ते तिच्या हातून निसटतं. पहिल्या शेतकऱ्याने तिसऱ्या वर्षी विहीर खोदली, पाण्याच्या भरवशावर खत वाढवलं आणि पाण्यामुळेच पीकही वाढलं, तर विहीर त्याच्या सरासरीत मावत नाही. तिचं श्रेय पुन्हा खतालाच जातं. अशा वेळी विहिरीची नोंद लागते, आणि ती करायला कुणीतरी त्या वर्षी गावात असावं लागतं.