आधी बीपी मोजा, मग चहा द्या

करकंबसारख्या गावात आठव्या महिन्यातली बाई ‘डोकं ठणकतंय’ म्हणाली की उत्तर ठरलेलं असतं: ऊन लागलं असेल, पित्त झालं असेल, चहा घे आणि पड जरा. पुष्कळदा ते खरंही निघतं. पण पाच महिने उलटल्यावर बीपी १४०/९० किंवा त्याहून वर असेल, तर ती डोकेदुखी पित्ताची म्हणून सोडून देता येत नाही.

‘गरोदरपणात बीपी टेन्शनने वाढतं’ हा सर्वांत पक्का गैरसमज. गरोदरपणातल्या या बीपीच्या आजाराचं, म्हणजे प्रीएक्लॅम्प्सियाचं, मूळ मनात नसतं, वारेत असतं. वार रुजताना गर्भाशयातल्या बारीक, पिळदार रक्तवाहिन्या रुंद व्हायला हव्यात. ठिबकच्या नळीचा पाट व्हावा तशा. त्या अरुंदच राहिल्या की वारेला रक्त पुरत नाही. मग ती आईच्या रक्तात अशी प्रथिनं सोडते, की रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर निरोगी ठेवणारे घटकच जखडले जातात. अस्तर बिघडलं की वाहिन्या आवळतात आणि पाझरतातही. आवळल्या की बीपी चढतं, मूत्रपिंडात पाझरल्या की लघवीत प्रथिनं उतरतात. हे मीठ सोडून थांबत नाही.

एरवी बीपी थोडं वरखाली झालं तरी मेंदू स्वतःपुरता रक्तपुरवठा सांभाळून घेतो. या आजारात तो तोल सुटू शकतो आणि मेंदूत सूज येते, विशेषतः मागच्या भागात. नजरेचं केंद्र तिथेच. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, धूसर दिसतं, क्वचित काही काळ दिसेनासंच होतं. त्यानंतर येऊ शकतो आकडीचा झटका.

झटका आला की ‘बाहेरचं काहीतरी आहे’ म्हणत कांदा नाहीतर चप्पल हुंगवली जाते. यात बाधा कसली? बाईला डाव्या कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, १०८ला फोन करा. दवाखान्यात मिळणारं मॅग्नेशियम सल्फेट ‘बीपीचं इंजेक्शन’ समजलं जातं; खरं तर ते झटक्यांपासून मेंदू वाचवण्यासाठी असतं. त्याच्या ‘मॅगपाय’ नावाच्या चाचणीत ३३ देशांतल्या दहा हजारांवर स्त्रिया होत्या. २००२ साली आलेल्या तिच्या निष्कर्षांनुसार या स्वस्त औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून कमी होतो.

पाय सुजले नाहीत म्हणून निर्धास्त राहू नये. सूज नसतानाही हा आजार असतो, आणि नुसते पाय सुजणं निरोगी गरोदर बाईतही दिसतं.

‘बाळंत झाली, सुटली’ हे मात्र सर्वांत घातक. वार पडल्यावर आजार ओसरू लागतो, पण लगेच जात नाही. पहिले काही दिवस जास्त धोक्याचे, आणि सहा आठवड्यांपर्यंत झटका येऊ शकतो. नेमकी तेव्हा पोरगी माहेरी असते आणि सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. आशाताई बाळाचं वजन करायला आल्या, की बाळंतिणीचं बीपी कुठे मोजून मिळेल हेही त्यांना विचारा.