वर्गणीची पावती

अमळनेरच्या प्रताप हायस्कूलला ज्यांचे नाव मिळाले, त्या श्रीमंत प्रतापशेठ यांच्यासारख्यांच्या देणग्यांवर खानदेशातील शिक्षण उभे राहिले. अशा मोठ्या देणगीचा माग आजही लागतो. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा संस्थेला हिशेब ठेवावयास व तो तपासून घ्यावयास भाग पाडतो. १९८७ चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदाही, प्रवेशाच्या जागेचा सौदा नसेल तर, सद्भावनेने दिलेली देणगी मान्य करतो. माग हरवतो तो लहान रकमांचा.

जळगाव-धुळ्याकडील शाळांत दिवाळीनंतर सहल, स्नेहसंमेलन, हस्तलिखित, निरोप समारंभ अशा वर्गण्यांची रांग लागते. पैसे गोळा करतो वर्गशिक्षक. कापूस विकला की उरलेले देऊ, असे सांगणारा पालक या मुलखात अपवाद नव्हे. त्यामुळे एकाच विद्यार्थ्याची वर्गणी तीन हप्त्यांत येते. एखादा हप्ता रोख, एखादा मोबाइलवरून थेट शिक्षकाच्या खासगी खात्यात. नोंद राहते ती वहीच्या मागच्या पानावर, पेन्सिलीने. संस्थेच्या कीर्दीत रक्कम उतरतच नाही. मग लेखापरीक्षकाने तपासावे काय?

यात लबाडी क्वचितच असते. उलट पुष्कळ सहलींत शिक्षक पदरचे घालतो. परंतु पदरचे घातले हे दाखविणारा कागदही त्याच्यापाशी नसतो, आणि गावात कुजबुज सुरू झाली की वीस वर्षांच्या नोकरीची अब्रू दोनशे रुपयांच्या तफावतीत अडकते. नियमांचा जाच शिक्षकाला वाटतो खरा. पण पावती ही प्रथम त्याचीच ढाल आहे.

हप्ता कितीही लहान असो, क्रमांक छापलेली पावती फाडावी व स्थळप्रत जपावी. पैसा शाळेच्या खात्यात जावा व दोन सह्यांनीच निघावा. एस.टी. शालेय सहलीला भाड्यात जी सवलत देते, ती जमाखर्चात पालकाला दिसावी. आणि हे सारे लेखनिकाच्याच माथी मारण्याचे कारण नाही. अकरावी वाणिज्यचा विद्यार्थी पुस्तपालनाच्या तासाला कुणा काल्पनिक व्यापाऱ्याची कीर्द लिहितो. त्याच्या स्वतःच्या वर्गाच्या सहलीची कीर्द मात्र कोणी लिहीत नाही! विद्यार्थी मंडळाचा खजिनदार नावापुरता न नेमता ती वही त्याच्या हाती द्यावी, शिक्षकाने रोज सही करावी. सहल परतल्यावर आठ दिवसांत जमाखर्च सूचना फलकावर लागावा: जमा, खर्च, शिल्लक, आणि शिक्षकाने पदरचे घातले असतील तर तेही.