ओंडका आणि मेढ : मुळशी खोऱ्यातील घराच्या लाकडाची निवड

मराठीत ‘ओंडका’ हा शब्द घरबांधणीचा नव्हे. तोडून पाडलेला, अद्याप कोणत्याही कामाला न लागलेला लाकडाचा जाड तुकडा एवढाच त्याचा अर्थ आहे. घराच्या कामाला लागताच त्याचे नाव बदलते. उभा रोवला की तो मेढ किंवा खांब होतो. खांबांवर आडवा टाकला की तुळई. छपराच्या माथ्यावर चढला की आढे. आणि आढ्यावरून उतरता लावला की वासा. अलीकडे मुळशी तालुक्यात ताम्हिणीच्या वाटेवर ‘ओंडक्यांचे घर’ बांधू पाहणाऱ्यांच्या मनात जे चित्र असते, ते मात्र निराळे आहे. एकावर एक आडवे ओंडके रचून केलेल्या भिंतींचे, रशिया किंवा स्कँडिनेव्हिया येथील घराचे ते चित्र होय. त्या घराला मराठीत स्वतंत्र नाव नाही. हा निव्वळ शब्दसंग्रहाचा उणेपणा नसून त्यामागे लाकडाच्या गुणधर्माचे आणि पावसाचे कारण आहे.

लाकूड वाळताना सर्व दिशांनी सारखे आकसत नाही. ताज्या लाकडातील ओलावा पंचवीस ते तीस टक्क्यांच्या खाली उतरू लागला की आकसणे सुरू होते. वाढीच्या वलयांच्या दिशेने ते सर्वांत अधिक, गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या सुमारे निम्मे, आणि लांबीच्या दिशेने जवळजवळ नगण्य असते. आडवे ओंडके रचलेल्या भिंतीची उंची म्हणजे ओंडक्यांच्या जाडीची बेरीज. म्हणून ओल्या लाकडाची भिंत वर्षानुवर्षे खाली बसत जाते. उत्तर अमेरिकेतील कारागीर अशा भिंतीसाठी सुमारे सहा टक्के घट गृहीत धरून दारे-खिडक्यांच्या माथ्यावर मोकळी जागा सोडतात. अडीच मीटर उंचीच्या भिंतीत ही घट पंधरा सेंटिमीटर भरते. याउलट तेवढ्याच उंचीचा उभा खांब लांबीच्या दिशेने चारपाच मिलिमीटरच आकसतो. तेव्हा उभ्या खांबांवर छप्पर तोलणाऱ्या घराचा माथा जागच्या जागी राहतो.

मुळशीत ही अडचण दरवर्षी नव्याने उभी राहते. ताम्हिणीच्या बाजूला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि चैत्र-वैशाखात हवा कोरडी ठणठणीत होते. आडव्या ओंडक्याच्या वरच्या अंगाला पडलेल्या चिरेत पाणी साचते व तेथूनच तो कुजू लागतो. शिवाय उत्तर सह्याद्रीत देवदार-चीड यांसारखी सरळसोट सूचिपर्णी झाडे नाहीत. हिमाचलातील काठकुणी घरांत दगडांच्या थरांबरोबर देवदाराचे आडवे लाकूड रचता येते. ऐनाच्या किंवा जांभळाच्या वाकड्या खोडाचे तसे करता येत नाही. म्हणून घाटमाथ्यावरच्या जुन्या घरात लाकूड सांगाडा होते आणि भिंत कारवीच्या कुडाची, वरून शेणमातीने लिंपलेली. भिंत भार घेत नाही. पावसाने तिची माती धुऊन गेली तर पुन्हा लिंपता येते, मेढ मात्र टिकली पाहिजे.

मेढ या शब्दाचा इतिहास या दृष्टीने बोधप्रद आहे. संस्कृत ‘मेथि’ किंवा ‘मेढि’ म्हणजे खळ्याच्या मध्यभागी रोवलेला, बैल ज्याभोवती फिरतात तो खुंट. मराठीत मेढ म्हणजे विशेषतः माथ्याला बेळके असलेला, आढे झेलणारा खांब. वाकड्यातिकड्या जंगलात बेळक्याचे झाड शोधणे हे सरळ झाड शोधण्याहून सोपे, आणि नैसर्गिक बेळके कापून केलेल्या सांध्याहून भक्कम. आज ‘मुहूर्तमेढ’ संस्थांची रोवली जाते, पण तो रोवण्याचा संस्कार मूळ या लाकडाचा आहे. ‘वासा’ हा शब्द ‘वंश’ म्हणजे बांबू यापासून आलेला आहे; जुन्या लेखनातील ‘वांसा’ या अनुस्वाराने ती खूण बराच काळ जपली. ‘तुळई’त ‘तुला’ आहे. दोन खांबांमधील अंतर तो ‘खण’, आणि घराचे माप खणांत सांगण्याची रीत. अर्थात् उपलब्ध तुळईची लांबीच घराचे माप ठरवीत असे. खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्याला कृतघ्न म्हणतात, यावरूनही घराची ऐपत वाशांवरून दिसे हे उघड होते.

निवडीचे सूत्र असे, की लाकूड घरात कोठे बसणार आहे त्यावर झाड ठरावे. जमिनीलगतच्या खांबासाठी सागाचा गाभा सर्वोत्तम. ऐन त्याहून जड व बळकट. तुळईला चांगला, परंतु वाळताना चिरतो. जांभूळ पाण्यात टिकते. विहिरीच्या तळाच्या लाकडी कड्यासाठी ते वापरले जाई ते याचमुळे. आंब्याला कीड लवकर लागते, म्हणून तो फळ्यांना चालेल, मेढीला नाही. तथापि झाडाच्या नावावर फार विसंबू नये. ‘साग’ म्हणून विकले जाणारे कोवळ्या लागवडीचे लाकूड पुष्कळदा अर्ध्याहून अधिक रसकाष्ठ, म्हणजे सालीलगतचा फिकट थर, असते. त्यात सागाचा टिकाऊपणा नसतो. टिकाऊपणा असतो तो आतील गडद मध्यकाष्ठात. नावांचा घोटाळा आणखी एका प्रकारे होतो. खानदेशात अंजन म्हणजे जड, मोठा इमारती वृक्ष. सह्याद्रीच्या माथ्यावरची अंजनी हे निळ्या फुलांचे, अगदी निराळ्या कुळातले लहान झाड. खानदेशातील अनुभव ऐकून मुळशीत अंजनी शोधू गेलेल्याला तुळईऐवजी सरपणच मिळेल.

तोडीचा हंगाम पावसाळ्यानंतरचा, कार्तिक ते माघ. हवा थंड असल्याने लाकूड सावकाश वाळते व कमी चिरते; जमीन सुकल्याने वाहतूकही सोपी होते. अंधाऱ्या पक्षात तोडलेल्या लाकडाला भुंगा लागत नाही अशी समजूत सर्वत्र आहे. चंद्राच्या कलेला भक्कम आधार नाही, पण ऋतूला आहे : किडीचे खाद्य लाकडातील पिठूळ अंश असते व ते ऋतूप्रमाणे कमीजास्त होते. तोडल्यावर साल त्वरित सोलावी, कारण तिच्याखाली ओल टिकते आणि किडे अंडी घालतात. टोकांना शेणमातीचा दाट लेप द्यावा, कारण टोकाकडून ओलावा सर्वांत वेगाने जातो आणि उभे तडे तेथूनच सुरू होतात. नंतर दगडांवर उचलून, मध्ये पट्ट्या घालून, सावलीत थर रचावेत. बांबू व कच्चे लाकूड काही आठवडे पाण्यात ठेवले की पिठूळ अंश निघून जातो. ब्रह्मदेशात सागाची साल बुंध्याशी कडेने कापून झाड उभ्याउभ्याच वाळवीत, म्हणजे ओंडका नदीत तरंगे. ओला साग बुडण्याची भीती असते. या साऱ्या क्रियेला मराठीत ‘मुरवणे’ म्हणतात. लोणचे मुरते, पाणी जमिनीत मुरते, माणूस धंद्यात मुरतो. केवळ ‘वाळवणे’ म्हटल्याने जे सुटते, म्हणजे काळाने वस्तूच्या आत घडवलेला पालट, ते या क्रियापदात आले आहे.

मुरलेली मेढही थेट मातीत पुरू नये. तिच्याखाली दगडी तळखडा असावा, म्हणजे ओल वर चढत नाही आणि वाळवीला उघड्यावरून यावे लागते. सिमेंटच्या जोत्यात खांब गाडण्याची सध्याची रीत याच्या नेमकी उलट असून तळाशी पाणी कोंडून ठेवते.

मुळशी धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालेच, आणि खोऱ्याच्या तळातील खाचरांबरोबर घरेही पाण्याखाली गेली. मेढ, आढे, वासा हे शब्द मोल्सवर्थच्या कोशात (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७) सुरक्षित आहेत. मेढ म्हणजे काय हे कोश सांगतो. कोणत्या उतारावरचे कोणते झाड मेढीला घ्यावे हे तो सांगत नाही. ते बांधणाऱ्याच्या बोलण्यातच राहते, आणि बांधणे थांबले की तेही थांबते.

आज बांधू इच्छिणाऱ्याला जंगल मोकळे नाही. झाडे तोडण्याचे नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या १९६४ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा अशी झाडे आहेत. स्वतःच्या मालकीच्या जमिनीवरही ती परवानगीवाचून तोडता येत नाहीत. देवराईतील लाकडाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. उरतो तो जुन्या लाकडाचा मार्ग. पाडलेल्या वाड्यांचा साग पुण्यात विकत मिळतो, आणि तो दीर्घकाळ मुरलेला असतो. घेताना ठोकून नाद ऐकावा; बद्द आवाज आला तर आत पोकळी आहे असे समजावे. तळखड्यावर बसलेले टोक हातभर कापून टाकावे. जुन्या कुसवांसाठी पाडलेल्या खाचा तुळईच्या मध्यभागी आल्या असतील, तर ती तुळई तिथे तोडून दोन आखूड खणांना वापरावी, लांब खणावर टाकू नये.