परवाना, परीक्षा आणि पाठांतर

समुपदेशकांना परवाना देणारा अमेरिकेतील पहिला कायदा व्हर्जिनिया राज्याने १९७६ साली केला. कॅलिफोर्नियाने सर्वांत शेवटी, २००९ साली. आज तेथे मानसिक आरोग्याचा समुपदेशक म्हणून पाटी लावावयाची, तर पदव्युत्तर पदवी, अनेक राज्यांत देखरेखीखालील सुमारे ३,००० तासांचे काम आणि वर परीक्षा, इतके ओलांडावे लागते. परवाने ग्राहकांपेक्षा धंदेवाल्यांनाच अधिक हवे असतात, अशी टीका मिल्टन फ्रीडमन यांनी १९६२ साली केली होती. वर्गात ती मीही उत्साहाने शिकवतो. परंतु येथे ती लंगडी पडते. वांगी घेणारा गिऱ्हाईक कीड ओळखतो; जीव नकोसा झालेल्या माणसाने समुपदेशकाची पारख कशाच्या बळावर करावी?

तेव्हा परवाना हवाच. प्रश्न उरतो तो परीक्षा कशाची घ्यावी, हा. तेथील अनेक राज्यांना मान्य असलेली चिकित्सात्मक परीक्षा नोव्हेंबर २०२२ पासून नव्या स्वरूपात आली. २२५ मिनिटांत ११ माणसांच्या हकिकती. प्रत्येकीत पहिली भेट, पुढील दोन भेटी आणि त्यांवर प्रश्न. (एका हकिकतीचे गुण धरत नाहीत, कोणत्या, ते सांगतही नाहीत!)

समजा, नोकरी गेलेला एक पन्नाशीचा गृहस्थ आहे. झोप नाही, दारू वाढलेली, बोलता बोलता तो म्हणतो, "मी नसलो तर घरचे सुटतील." नैराश्याची लक्षणे घोकलेला परीक्षार्थी तत्काळ निदानावर बोट ठेवतो. वस्तुतः आधी विचारावयाचे ते हे, की मनात आत्महत्येचा विचार आहे काय, काही बेत ठरला आहे काय, साधन हाताशी आहे काय. चारही पर्याय सयुक्तिक दिसतात; कळीचा असतो तो क्रम. सराव-प्रश्नसंचांनी वेग येतो, हा क्रम येत नाही. सहाध्यायांसमवेत एकेक हकिकत घेऊन 'हेच आधी का?' असा वाद घालणे, आणि देखरेखीच्या तासांत वरिष्ठांनी खोडलेले निर्णय पुन्हा तपासणे, हीच तिची खरी तयारी.

आपल्याकडे चिकित्सा-मानसशास्त्रज्ञाला भारतीय पुनर्वसन परिषदेची नोंदणी लागते. समुपदेशकासाठी अशी परीक्षा नाही. आरोग्यक्षेत्रातील संलग्न व्यवसायांसंबंधीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्याने मात्र समुपदेशकांनाही कक्षेत घेतले असून, परवाना-परीक्षेची व्यवस्था हे राष्ट्रीय आयोगाचे एक काम ठरविले आहे. त्या परीक्षेने नुसत्या व्याख्या विचारल्या, तर अप्पा बळवंत चौकात तिची गाइडे महिन्याभरात दिसू लागतील.