झाडावर घरटे करणारे बदक : अडई

रानबदके म्हटली की आपल्याला हिवाळ्यात उत्तरेकडून येणारे थवे आठवतात. हे पाहुणे उन्हाळा कडक होण्यापूर्वी परततात. पण काही बदके बारा महिने आपल्याकडेच राहतात आणि पिल्लेही इथेच वाढवतात. अडई त्यांपैकीच एक.

कशेडी घाटाच्या उतारावर तिला शोधून उपयोग नाही. पोलादपूरच्या बाजूला पडलेला पाऊस ओढ्यांवाटे धावत सावित्रीला मिळतो. अडईला हवे असते संथ, उथळ, पाणवनस्पतींनी भरलेले पाणी. म्हणून घाटाखालच्या सपाटीवरची तळी आणि भातखाचरे पाहावीत.

अडई सुमारे ४० सेंटिमीटर लांब, तांबूस तपकिरी रंगाची असते. वजन जेमतेम अर्धा किलो. उडताना ती शीळ घातल्यासारखा आवाज सतत काढते. दिवसा ती विश्रांती घेते आणि रात्री चरते. पाणवनस्पती, भाताचे दाणे, गोगलगायी, लहान मासे हे तिचे अन्न.

तिचे शास्त्रीय नाव 'डेंड्रोसिग्ना जावानिका'. 'डेंड्रॉन' म्हणजे झाड आणि 'सिग्नस' म्हणजे हंस. हे नाव सार्थ आहे, कारण अडई बहुधा झाडाच्या ढोलीत किंवा दुसऱ्या पक्ष्याच्या जुन्या घरट्यात अंडी घालते. कधी पाण्याकाठच्या दाट गवतातही. विणीचा हंगाम पावसाळ्याचा. त्या वेळी खाचरे तुडुंब असतात आणि पिल्लांना अन्नाची ददात नसते. अंडी साधारण ७ ते १२, उबवण्याचा काळ सुमारे २२ ते २४ दिवस.

अनेक उत्तरेकडील बदकांत नर भडक रंगाचा असतो आणि मादी उबवायला बसली की तो निघून जातो. अडईचे नर-मादी मात्र सारखेच दिसतात आणि दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात. घरट्यावर बसणाऱ्याला भडक रंग धोक्याचाच!

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. तळे राखले म्हणजे अडई राखली, असे होत नाही. काठचे पोकळ झाड निरुपयोगी म्हणून तोडले तर घरटे जाते. सुशोभीकरणासाठी सगळ्या पाणवनस्पती उपटून दगडी काठ बांधला तर अन्न आणि आडोसा दोन्ही जातात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिच्या शिकारीवर बंदी घातली आहे, पण ढोली राखण्याचे काम गावालाच करावे लागेल.

विद्यार्थ्यांकडून जवळच्या तळ्याचा नकाशा काढून घ्यावा. त्यात उथळ भाग, पाणवनस्पती आणि ढोली असलेली जुनी झाडे दाखवावीत. दर महिन्याच्या ठरावीक तारखेला सूर्यास्ताच्या सुमारास बदके मोजून नोंद ठेवावी. विणीच्या काळात घरट्याजवळ जाऊ नये. वर्षभराच्या नोंदींवरून पाहुणे कोणते आणि घरचे कोणते, हे विद्यार्थी स्वतःच सांगू शकतील.